लेबलवर ‘अँटिबॅक्टेरियल’ छापण्याआधी



हळद, कडुनिंब, तुळस घेऊन घरगुती साबण, उटणं, बाम सुरू करणारे बरेच जण पॅकिंगचं डिझाइन मला दाखवतात. दोन शब्द त्यावर हमखास असतात, ‘अँटिबॅक्टेरियल’ आणि ‘अँटिऑक्सिडंट’. कशावरून लिहिलं विचारलं की उत्तर ठरलेलं: “सर, गूगलवर रिसर्च आहे ना!”

आहेच. तरीही माझं स्पष्ट मत आहे की हे दोन शब्द काढा. कारण तो रिसर्च तुमच्या मालावर झालेला नाही.

हळदीचंच बघू. वाळलेल्या हळकुंडात करक्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं. संशोधक ते इथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात उतरवून वेगळं काढतात, शुद्ध करतात. मग काचेच्या बशीत जिवाणू वाढवून त्यात ते ठेवतात आणि भोवती किती जागेत जिवाणू वाढले नाहीत ते मोजतात. म्हणजे शुद्ध पदार्थ, मोजलेलं प्रमाण आणि बशीतले जिवाणू. तुमच्या साबणात काय आहे? किलोमागे दोन चमचे हळद, तीही कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे घरात सगळ्यांनी पाहिलंय. क्षार लागला की करक्युमिनचं रूप बदलतं आणि ते झपाट्याने मोडायला लागतं. उन्हात वाळत घातल्यावर तोच डाग फिका पडतो, कारण प्रकाशही त्याला मोडतो. मग महिनाभर दुकानाच्या काचेत ठेवलेल्या वडीत ‘अँटिऑक्सिडंट’ किती उरलं, हे मोजल्याशिवाय कोणी सांगायचं?

आणि रिसर्चमध्येही एकमत नाही बरं का. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त करक्युमिनचा मोठा आढावा छापून आला. करक्युमिन प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांमध्ये फसवे ‘पॉझिटिव्ह’ देतं, शरीरात फार कमी शोषलं जातं आणि माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांत त्याचं यश सिद्ध झालेलं नाही, असं त्यात म्हटलंय. हळद वाईट आहे असा याचा अर्थ नाही. बशी आणि माणूस यांत अंतर आहे, एवढाच.

“पण सर, शेजारचा लिहितो आणि त्याचं खपतं!” खपू दे. उद्या मधुमेह असलेले एखादे काका पायाच्या जखमेला तुमचा ‘जंतुनाशक’ बाम पंधरा दिवस लावत बसले आणि दवाखान्यात उशिरा पोचले, तर? मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. कायदा त्यानंतर येतो, पण येतो. मधुमेह, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर उपाय म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची पोस्टही जाहिरातच. साबण, उटणं विकायला बनवायचं तर सौंदर्यप्रसाधनाचा उत्पादन परवाना लागतो, घरच्या किचनमध्ये बनवलं तरी. त्यावर रोग बरा करण्याचा दावा केला की माल औषधात मोजला जाऊ शकतो. खरंच औषध करायचं असेल तर आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना काढा, पण तो वेगळा प्रोजेक्ट आहे, त्याचं भांडवल वेगळं.

मग विकायचं काय? जे मोजता येतं ते. हळद पावडर करणाऱ्यांना तर इथे मोठी संधी आहे. पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार होतात. त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. अशा बाजारात “करक्युमिन इतके टक्के, शिशाची तपासणी केलेली, बॅच नंबर हा” असं लिहिलेलं पाकीट वेगळं उठून दिसतं. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून आधी दर मागवा आणि तो खर्च पहिल्याच बॅचच्या कॉस्टिंगमध्ये धरा. ‘नंतर बघू’ म्हणालात की तो कधीच बसत नाही. आकडा त्या बॅचचाच छापायचा. मागच्या वर्षीच्या रिपोर्टवर यंदाची हळद विकली तर तेही खोटंच झालं.

सांगली आणि वर्ध्याकडची वायगाव, दोन्ही हळदींना जीआय मानांकन आहे. माल तिथला असेल तर त्याचा फायदा घ्या, मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून.

साबणवाल्यांसाठी मी लेबल असं लिहीन: “खोबरेल आणि तिळाच्या तेलाचा साबण. हळद घातलेली आहे. वजन, बनवल्याची तारीख, परवाना क्रमांक, संपूर्ण घटक. जखमेवर वापरू नये.” शेवटची ओळ छापायला बहुतेक जण घाबरतात. मी ती ठळक अक्षरात छापायला सांगतो.