पन्नास सेकंदांचा स्वाध्याय

माध्यमशिक्षणाच्या वर्गांत व्हिडिओचा पहिला स्वाध्याय म्हणून ‘कोणत्याही विषयावर लघुपट तयार करा’ असे सांगण्याची रीत पडली आहे. वरवर पाहता ती विद्यार्थ्याला मोकळीक देते, परंतु नवशिका विद्यार्थी अशा वेळी बहुधा पाहिलेल्या जाहिरातींचे आणि रील्सचेच अनुकरण करतो, आणि निरीक्षणाचा संस्कार राहूनच जातो.

हा संस्कार देणारा पर्याय चित्रपटाच्या आरंभकाळातच सापडतो. ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये पॅरिसमध्ये दाखवलेले चित्रपट सुमारे १७ मीटर फितीचे, म्हणजे जेमतेम ५० सेकंदांचे होते. कॅमेरा तिपाईवर स्थिर, ध्वनी नाही आणि संकलन, म्हणजे चित्रित तुकडे निवडून जोडण्याची क्रिया, तीही नाही. या मर्यादाच पुढे फ्रान्समधील चित्रपटशिक्षणात ‘ल्युमिएर मिनिट’ या स्वाध्यायाचे नियम झाल्या. हा स्वाध्याय एसटी स्थानकावर करायचा झाल्यास कॅमेरा फलाटाला समांतर ठेवावा की तिरका, हे विद्यार्थ्याला आधीच ठरवावे लागते. समांतर ठेवल्यास गाडी चौकटीतून आडवी निघून जाते, तिरका ठेवल्यास ती दुरून मोठी होत अंगावर येते, आणि सपाट पडद्यावर खोलीचा आभास कसा निर्माण होतो, हे व्याख्यानाविना उमगते.

निरीक्षणापासून सुरुवात करण्याचा दाखला महाराष्ट्राला दूर शोधावा लागत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा चित्रपट काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली आणि त्या चित्रफितीच्या बळावर भांडवल मिळवले. आज कुंडीतल्या मुगाचे दर १५ मिनिटांनी एक छायाचित्र घेतले, तर सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने १० सेकंदांच्या चित्रफितीला २४० छायाचित्रे, म्हणजे अडीच दिवस लागतात. त्या काळात मोबाइल हलता कामा नये आणि दिव्याचा प्रकाशही एकसारखा हवा, अन्यथा चित्र लुकलुकते. मोबाइलमधील आयती टाइमलॅप्सची सोय येथे कटाक्षाने टाळावी, कारण दोन चौकटींमधील अंतर ठरवणे हाच या स्वाध्यायातील खरा कलानिर्णय आहे.

संकलनाची सॉफ्टवेअरे दुसऱ्या सत्रात शिकवली तरी बिघडत नाही. शिक्षकांनी पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक स्थिर, अखंड मिनिट चित्रित करून घ्यावे, आणि गुण देण्यापूर्वी कॅमेरा तेथेच का ठेवला, हे त्याला वर्गासमोर सांगायला लावावे.