फॉरमॅट न मारताही बदल शक्य. मात्र आधी मोजदाद हवी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या अर्थकारणात साखर कारखाने, पतसंस्था आणि बाजार समित्या यांना मोठे स्थान आहे. या संस्थांची खातेवही आता संगणकात आहे. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली, तेव्हा हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिला नाही. ही तारीख आली तीही गळीत हंगामाच्या तोंडावर. वजनकाट्याच्या नोंदी ठेवणारा संगणक अशा वेळी दोन दिवस बंद ठेवणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नाही.

प्रणाली बदलायची म्हटली की 'फॉरमॅट मारावा लागेल' हे उत्तर ठरलेले असते. त्यानंतर हिशेबाचे सॉफ्टवेअर, पासबुक छापणारा प्रिंटर, परवाने हे सारे नव्याने बसवावे लागते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित झालेले जुने ठराव तर तो फॉन्ट परत न टाकल्यास निरर्थक चिन्हांसारखे दिसतात. वस्तुतः ही उलथापालथ अनेकदा टाळता येते.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. 'होम' आणि 'प्रो' हे एकाच विंडोजचे दोन प्रकार आहेत. 'होम' असलेला संगणक कार्यालयाच्या केंद्रीय नियंत्रणाखालील जाळ्यात जोडता येत नाही. 'प्रो' जोडता येतो. 'प्रो'चा अधिकृत परवाना घेऊन त्याचा क्रमांक सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर भरला की प्रकार बदलतो. कागदपत्रे, सॉफ्टवेअर, फॉन्ट जागच्या जागी राहतात. उलट, 'प्रो'वरून 'होम'वर मात्र असे उतरता येत नाही.

दुसरी गोष्ट 'दहा'वरून 'अकरा'वर जाण्याची. हा बदलही सारे जतन करून होतो. परंतु त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा, किमान ४ जीबी स्मृती आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणतः आठव्या पिढीपासून सुरू होते. शिवाय 'अकरा' केवळ ६४ बिटमध्ये असल्याने ३२ बिट विंडोज चालवणाऱ्या संगणकावर नव्याने मांडणी करण्यावाचून गत्यंतर नाही.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे 'होम'चे 'प्रो' केले की मुदत वाढते. ती वाढत नाही. जुन्या 'दहा'वर 'प्रो' विकत घेणे म्हणजे गळक्या घराला नवे दार बसवणे होय. मुदत हवी असेल तर वाढीव सुरक्षा योजना घ्यावी लागते. संस्थांसाठी तिचा घोषित दर पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो आणि ही सोय तीन वर्षांपुरतीच आहे. पन्नास संगणकांच्या संस्थेला पहिल्याच वर्षी ३,०५० डॉलर मोजावे लागतील.

म्हणूनच संचालक मंडळांनी खरेदीच्या ठरावापूर्वी मोजदादीचा ठराव करावा. कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती, कोणता प्रकार, किती बिट, याची यादी एका दिवसात होते. नंतर संपूर्ण माहितीची वेगळी प्रत काढून, एका संगणकावर प्रयोग करून मगच उरलेल्यांना हात लावावा. सभासदांच्या ठेवी आणि उसाची बिले ज्या यंत्रांत आहेत, त्यांचा निर्णय केवळ दुरुस्तीवाल्याच्या सवयीवर सोडणे हिताचे नाही.