वाटूरचा पाऊस कुठं अडकला?

26 मे 2025. सोमवार. मुंबई तुंबलेली, लोकल रखडलेल्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर 'वर्क फ्रॉम होम'साठी विनवण्या. त्यात हवामान खात्याची घोषणा, मान्सून मुंबईत दाखल! नेहमीची तारीख 11 जून. म्हणजे स्वारी चक्क 16 दिवस आधीच हजर. मी जाम खूश. लगेच वाटूरला फोन लावला. "मामा, मान्सून आला! पेरून टाका की आता!"

मामा हसले. "रान भिजलंय गं पोरी, पण हा पाऊस टिकायचा नाही. आधी वारं बघ."

आता आमचा वाऱ्याशी संबंध एसीपुरता! पण नंतर जरा वाचलं आणि कळलं, मामांचा पॉइंट एकदम करेक्ट होता.

त्याचं असं आहे, की जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवरून सोमालियाकडून वाऱ्याचा एक जोरदार झोत आपल्याकडे येतो. अरबी समुद्राची वाफ घेऊन तो सह्याद्रीवर धडकतो. कोकणात धो धो, पण घाट ओलांडून जालन्याकडे पोचेपर्यंत त्याची बॅटरी लो! म्हणून वाटूरचं गणित बरंचसं बंगालच्या उपसागरावर चालतं. तिथली कमी दाबाची क्षेत्रं पश्चिमेला सरकली, तर परतूर-मंठ्याकडे दमदार पाऊस. उत्तरेला वळली, तर उघडीप.

2025 मध्ये नेमकं तेच झालं. 24 मे रोजी अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आला आणि त्यानं मान्सूनला लिफ्ट दिली. पण 29 मेच्या सुमाराला उपसागरातली सिस्टीम बांगलादेश-मेघालयाकडे निघून गेली. ईशान्येत पूर आले. इकडे वारे ढिले पडले, वायव्येकडून कोरडी हवा घुसली. मुंबई-अहिल्यानगरपाशी थबकलेली मान्सूनची रेघ जूनच्या मध्यापर्यंत हलेना.

आपल्याला काय, छत्री बॅगेत राहिली इतकंच. पण तिकडे त्या घाईत पेरलं असतं, तर अंकुर जळाले असते. मग दुबार पेरणी. म्हणजे बियाणं, खत, मजुरी सगळं पुन्हा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं ते उगाच नाही. मामा थांबले.

सप्टेंबरमध्ये मात्र त्याच उपसागराकडून एकामागून एक सिस्टीम मराठवाड्यावर आल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. फोनवर मामा एवढंच म्हणाले, "जूनला आम्ही वाऱ्याचं ऐकलं. आता त्यानं आमचं ऐकलं नाही."

तेव्हा मंडळी, पहिल्या पावसात भजी खा, फोटो काढा, स्टेटस टाका. फक्त गावाकडे फोन करून 'पेरा' म्हणू नका. आधी विचारा, "तिकडं वारं काय म्हणतंय?"