दाखल्यात काय लिहायचे?

‘कामावर रुजू होण्यास पात्र.’ स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरच्या रुग्णाला आपण देतो तो दाखला बहुधा या एका ओळीत आटोपतो. वर निदान मात्र ठळक अक्षरांत. एचआरला हवे ते त्यातून कळत नाही, नको ते कळते.

चाकणच्या एखाद्या कारखान्यातला लिथियमवरचा कामगार घ्या. त्याला सारखी तहान लागते, लघवीला जावे लागते, आणि रिलीव्हर आल्याशिवाय लाइन सोडता येत नाही. मग तो पाणी पिणेच कमी करतो. तेही मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली. लिथियमची पातळी कुठे जाईल हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्यात रात्रपाळी लागली की झोप मोडते, आणि मेनियाला तेवढे निमित्त पुरते. क्लोझापिनवरच्या माणसाचे दुखणे वेगळे. पहिल्या पाळीची बस पहाटे नाक्यावर येते तेव्हा गोळीची गुंगी उतरलेली नसते. सुपरवायझरच्या लेखी तो आळशी.

रात्रपाळी नको, पाण्याला आणि लघवीला मोकळीक, रक्ततपासणीच्या दिवशी अर्धी रजा, सूचना लेखी द्याव्यात. एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात. निदान लिहायची गरज नाही. रुग्णाच्या संमतीवाचून ते मालकाला कळवणे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही बसत नाही.

40 टक्क्यांच्या प्रमाणपत्राशिवाय काही मागताच येत नाही, हा समजही सोडायला हवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती अट आरक्षणाला आहे, कामातल्या वाजवी सोयींना नाही. शिवाय मानसिक आजारातले दिव्यांगत्व मोजणाऱ्या ‘आयडियाज’ मोजपट्टीत काम हाही एक निकष असल्याने धडपडून नोकरी टिकवणाऱ्याचीच टक्केवारी कमी भरते. सरकारी आस्थापनांवर याच कायद्याच्या कलम 20 चे थेट बंधन आहे; खासगी कंपनीला समान संधी धोरण जाहीर करावे लागते, आणि बोलणे तिथूनच सुरू करता येते. ओसीडी व नैराश्य असलेल्या सीआरपीएफ अधिकाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये रद्द केली, तो धारिवाल खटल्याचा निकाल एकदा वाचावाच.

कंत्राटी कामगाराचे प्रकरण अवघड आहे. ठेकेदार दाखला पाहतो आणि दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवतो. तिथे लिहायचे की नाही, हे रुग्णालाच ठरवू द्यावे.

आपण लिहिलेले असे दाखले नाव-गाव गाळून आमच्याकडे पाठवा. कंपनीने नाकारलेले आधी.