विश्लेषण : तीन महिने कुटुंबासह गाडीतूनच भटकंती, जमते का, आणि फसते कुठे?

छतावर कॅरिअर, मागच्या सीटवर दोन मुले, डिकीत गॅसची छोटी शेगडी आणि सोबत ‘घराला कुलूप लावून निघालो’ अशी कॅप्शन. असे रील तुमच्याही फोनवर आले असेल. नागपूरकरांना तर हे जरा जास्तच सोपे वाटते. श्रीनगर-कन्याकुमारी एनएच-४४ आणि गुजरातकडून ओडिशाकडे जाणारा एनएच-५३ आपल्याच शहरात भेटतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किमीचा रस्ता पूर्ण झाला. त्यामुळे रस्त्यांची तक्रार नाही. चार दिवसांची ट्रिप आणि तीन महिन्यांचा प्रवास या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खर्चाचे गणित कसे बसते?

बहुतेक जण पेट्रोलला घाबरतात. लिटरला १५ किमी देणारी गाडी धरा आणि महिन्याला ३,००० किमी. म्हणजे २०० लिटर, साधारण २१ हजार रुपये. आता मुक्काम मोजा. रोज १,५०० रुपयांची खोली घेतली तर महिन्याला ४५ हजार. म्हणजे खिसा पेट्रोल पंपावर नव्हे, लॉजच्या काउंटरवर रिकामा होतो. रोज गाव बदलले की खर्च वाढतो. एका गावात पंधरा दिवस खोली भाड्याने घेतली की दर खाली येतो, कपडे वाळतात आणि मुलांना शेजारी मित्रही मिळतात.

टोलचेही पाहून ठेवा. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार-जीप-व्हॅनसाठी फास्टॅगचा वार्षिक पास आला. तो सुरू झाला तेव्हा त्याची किंमत होती ३,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा २०० नाके, जे आधी संपेल ते. म्हणजे नाक्यामागे १५ रुपये. एनएच-४४ वरून लांब जाणाऱ्यांना हा सौदा उत्तम. पण हा पास राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे. समृद्धी राज्याची असल्याने तिथे टोल वेगळाच कटतो.

गाडीचे ‘घर’ करता येते का?

जुनी व्हॅन घेऊन सीट काढायच्या, पलंग ठोकायचा, हा सध्याचा लाडका उद्योग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील मूळ तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच पाहील. गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, हेही वर्षभराचे बेत आखणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

इंजिनीअरिंग शिकल्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या : छतावर जितके ओझे, तितका गाडीचा गुरुत्वमध्य वर. वळणावर आणि अचानक ब्रेक मारताना ते जाणवते. त्यात टायरमध्ये हवा कमी आणि मे महिन्यातला विदर्भाचा डांबरी रस्ता, मग टायर फुटायला निमित्तच पुरते.

सर्वात मोठा धोका कोणता?

माझ्या मते, एकच ड्रायव्हर. आपल्याकडे बहुतेक घरांत स्टेअरिंग बाबांकडेच असते आणि ‘अजून शंभर किमी मारू’ हे वाक्यही त्यांचेच. समृद्धीवर कारला ताशी १२० किमीची मर्यादा आहे. सरळसोट, रिकामा रस्ता, तासन्‌तास तेच दृश्य. डोळे उघडे असतात, मेंदू मात्र सुस्तावतो. यालाच रोड हिप्नॉसिस म्हणतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले. त्या अपघाताचे कारण काहीही असो, रात्रीचा प्रवास टाळायला तो आठवला तरी पुरे. तीन महिने हातात असताना रात्री गाडी हाकायची घाई कशाला? दिवसाला २५०-३०० किमी, तेही आळीपाळीने आणि एक दिवस सोडून. घरात दुसऱ्या कुणाला गाडी येत नसेल तर आधी शिकवा, मग निघा.

मागच्या सीटवर झोपलेल्या मुलाला बेल्ट नसतो, हे आपण सगळेच पाहतो. कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दंड सोडा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते मागच्याच सीटवर, बेल्ट न लावता.

आणि एक गोष्ट रीलमध्ये कधीच दिसत नाही : स्वच्छतागृह. समृद्धीचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा आधी वेग आला, सोयी नंतर. पाणी कमी प्यायचे, म्हणजे थांबावे लागणार नाही, हा हिशेब गाडीतल्या बायका आजही करतात. आजी सोबत असेल तर मार्ग ठरवताना आधी थांबे शोधा, प्रेक्षणीय स्थळे नंतर.

मुलांच्या शाळेचे काय?

‘प्रवास हीच शाळा’ हे ऐकायला छान आहे. पण चौथीतल्या मुलाचा भागाकार धाब्यावर आपोआप पक्का होत नाही. सुटीला जोडून दोन महिने जाणार असाल तर वर्गशिक्षिकेशी बोलून धडे ठरवून घ्या. वर्षभरासाठी निघणार असाल तर एनआयओएसचे मुक्त शिक्षण हा अधिकृत मार्ग आहे. त्यात तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष स्तर आहेत. परतल्यावर आरटीई कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला तो नाकारता येत नाही.

ही तरतूद कॅम्पर व्हॅनवाल्यांसाठी झालेली नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली बीडची कुटुंबे वर्षातले पाच-सहा महिने अख्ख्या संसारासह घराबाहेर असतात. त्यांच्या मुलांची शाळा तुटू नये म्हणून गावात हंगामी वसतिगृहांची योजना करावी लागली. त्यांना फिरण्याची हौस नाही, थांबण्याची सोय नाही. आपल्याकडे दोन्ही असेल, तर निदान मुलाच्या वह्या डिकीत वर ठेवाव्यात.