कॅथेटर आज कशासाठी?

कॅथेटर घालण्याचा निर्णय क्षणात होतो. काढण्याचा निर्णय मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही. कॅज्युअल्टीत लघवी मोजण्यासाठी घातलेली नळी रुग्णाबरोबर आयसीयूत जाते, तिथून वॉर्डात येते आणि गरज संपली तरी तशीच राहते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांना त्यांच्याच रुग्णांविषयी विचारले गेले. चारांतल्या एकाहून अधिक वेळा रुग्णाला कॅथेटर आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि डॉक्टर जितके ज्येष्ठ तितके हे प्रमाण जास्त होते.

या विस्मरणाची किंमत रुग्ण मोजतो. कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू येण्याची शक्यता दररोज ३ ते ७ टक्के असते. महिनाभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर करून राहतात आणि त्या थरात प्रतिजैविक नीट पोहोचत नाही. म्हणूनच नळी तशीच ठेवून केवळ ‘कव्हर’ म्हणून औषध देत राहिलो, तर संसर्ग टळत नाही, औषधाला न जुमानणारे जंतू मात्र पोसले जातात. ताप किंवा अन्य लक्षण नसताना लघवी गढूळ दिसते एवढ्यावरून कल्चर पाठवू नये. पाठवायचेच तर नमुना युरोबॅगमधून कधीही घेऊ नये.

घालताना निर्जंतुक पद्धत, मांडीला नीट बांधलेली नळी, कधीही न उघडलेली बंद जोडणी, मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकणारी बॅग: हे नियम आपल्याला पाठ आहेत. ते मोडतात ते घाईच्या जागी. सोनोग्राफीला नेताना बॅग रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते आणि साचलेली लघवी उलटी वाहते. एकाच भांड्यात ओळीने चार खाटांच्या बॅगा रिकाम्या होतात. बॅग अनेकदा नातेवाईकच रिकामी करतात, पण आधी आणि नंतर हात धुवायचे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. मामा, मावशी आणि नातेवाईक यांना हे शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे.

तरीही सर्वांत खात्रीचा उपाय एकच, नळी वेळेत काढणे. कॅथेटरमुळे होणारे लघवीचे संसर्ग रोखण्यासाठी अमेरिकेतील ६०३ रुग्णालयांत राबवलेल्या उपक्रमाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आयसीयूबाहेरच्या विभागांत कॅथेटरचा वापर घटला आणि हे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आयसीयूत मात्र फरक पडला नाही; तिथे अजून बरेच काम बाकी आहे.

रात्रपाळीला एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो, हे आम्ही जाणतो. पण मनुष्यबळाची कमतरता हे कॅथेटरचे कारण होऊ शकत नाही. लघवी अडकणे, अत्यवस्थ रुग्णाची तासागणिक मोजणी, ठरावीक शस्त्रक्रिया, लघवीवर ताबा नसलेल्या रुग्णाची कमरेखालची उघडी जखम, शेवटच्या दिवसांतला आराम ही खरी कारणे. बाकीच्यांसाठी युरिनल, बेडपॅन, डायपर, पुरुषांसाठी काँडोम कॅथेटर आहेत.

म्हणून आमचे आवाहन आहे: केसपेपरवर कॅथेटर घातल्याची तारीख आणि कारण लिहा. रोजच्या राउंडला ‘आज हे कशासाठी?’ असे मोठ्याने विचारा. लेखी निकष ठरवून, कारण संपताच नळी काढण्याचा अधिकार सिस्टरांना द्या. यासाठी नवे यंत्र लागत नाही, निधीही लागत नाही. उद्याच्या राउंडपासूनच सुरुवात करा.