देहबोली आणि वाणी

सभेत बोलण्याची कला शिकविणाऱ्यांच्या तोंडी ‘बॉडी लँग्वेज’ हा इंग्रजी शब्दप्रयोग वरचेवर येतो. मराठीने त्याला ‘देहबोली’ असे सुटसुटीत नाव दिले आहे. वक्त्याची नजर, मुद्रा, हातवारे आणि उभे राहण्याची ढब यांतूनही त्याचे मन प्रकट होत असते, हा या शब्दाचा अर्थ. तो खराच आहे. मान खाली घालून, सदऱ्याच्या गुंड्या चाळवीत बोलणाऱ्याचे खरे म्हणणेही श्रोत्यांना डळमळीत वाटते.

परंतु या शब्दाबरोबर एक अजब हिशेबही सांगितला जातो. बोलण्याचा परिणाम शंभर भाग मानला, तर त्यांतले ५५ भाग चेहऱ्याचे, ३८ आवाजाचे आणि शब्दांचे केवळ ७! हे ऐकून एखाद्या विद्यार्थ्याला वाटावे, की विषयाचा अभ्यास हवाच कशाला. हातवारे घोटले म्हणजे झाले.

या आकड्यांचे मूळ पाहिले म्हणजे हा भ्रम दूर होतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसह १९६७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या दोन प्रयोगांवरून ते काढलेले आहेत. त्या प्रयोगांत भाषणे नव्हतीच. सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकविले होते. एका प्रयोगात ‘कदाचित’ या अर्थाच्या एकाच शब्दाबरोबर चेहऱ्यांची छायाचित्रेही दाखविली होती. बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढेच ओळखावयाचे होते. भावना सांगण्यापलीकडच्या बोलण्याला हे प्रमाण लागू नाही, असे मेहराबियन यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले.

आपला अनुभवही हेच सांगतो. ‘मोठा शहाणा आहेस!’ हे आईचे उद्गार कौतुकाचे की रागाचे, ते तिच्या मुद्रेवरून कळते. पण नदीला पूर येत असल्याची सूचना शब्दांवाचून कशी कळणार? आकाशवाणीवर बातम्या देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून त्या बातम्या अर्ध्याच समजतात काय?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. हात, नेत्र आणि भुवया यांच्या हालचालींचा इतका बारीक विचार करणाऱ्या या ग्रंथानेही वाणीसाठी विशेष यत्न करावयास सांगितले. कारण वाणी ही नाट्याची तनू, म्हणजे देहच होय.

हा केवळ शब्दार्थाचा वाद नव्हे. शाळेच्या सभेत एखादी मुलगी थरथरत्या हातांनी, पण स्वतः विचार करून बोलते. दुसरा कोणी पाठ केलेले पोकळ भाषण ऐटीत म्हणून दाखवितो. सात भागांचा तो हिशेब खरा मानला, तर टाळ्या दुसऱ्यालाच मिळतील आणि त्या मुलीचे म्हणणे कोणाच्या कानीही पडणार नाही. ज्यांना असे ऐकण्याची सवय जडली, ते मोठेपणी पुढाऱ्यांची पारखही ऐटीवरूनच करतील.

म्हणून देहबोली अवश्य कमवावी. परंतु तबल्याने गाण्याला द्यावी, तशी तिने वाणीला साथ द्यावी. गाणेच नसेल, तर साथ कोणाला करावयाची?